शरीर आपोआप बरं होतं म्हणजे नेमकं काय होतं? सरकलेली गादी, शुगरची गोळी आणि ताओ

तुमचा प्रश्न नीट वाचला, आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ४६, बँकेत खुर्चीवरचं काम. पाच आठवड्यांपूर्वी सिलिंडर उचलताना कमरेत कळ आली आणि आता ती डाव्या पायात, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने खाली थेट अंगठ्यापर्यंत जाते. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर येऊन नस दाबतेय असं आलंय. सर्जन म्हणाले अजून काही आठवडे बघू, नाहीच कमी झालं तर ऑपरेशनचा विचार करू. शिवाय तीन वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे. मधल्या काळात तुम्ही ची-गाँगच्या, म्हणजे संथ हालचाली आणि श्वासाच्या चिनी व्यायामाच्या, वीकेंड वर्कशॉपला गेलात, तिथल्या सरांनी सांगितलं की ताओ या जुन्या चिनी तत्त्वज्ञानाप्रमाणे शरीर हाच खरा डॉक्टर, गोळ्या त्याच्या कामात ढवळाढवळ करतात, सगळं सोडून द्या आणि शरीराला त्याचं काम करू द्या. म्हणून तुम्ही आठवड्यापूर्वी पेनकिलर बंद केली, शुगरची गोळीही बंद करायचा विचार आहे, आणि विचारताय की शरीर खरंच स्वतःला बरं करतं का, की नुसतं थांबणं म्हणजे वेळ घालवणं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं ताई-ची, हाही तसाच संथ हालचालींचा चिनी प्रकार, शिकतेय, शिकवतेय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न "शरीर बरं करतं का" हा नाहीये. करतं, त्यात वाद नाही. खरा प्रश्न असा की कुठलं काम शरीरावर सोपवायचं, कुठलं नाही, आणि सोपवलं तरी आपण लक्ष कसं ठेवायचं.

पण त्याआधी जे अजिबात थांबू शकत नाही ते सांगते. लघवी सुरू व्हायला त्रास होतोय किंवा नकळत होतेय, संडासवर कंट्रोल वाटत नाही, दोन मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झालाय, किंवा दोन्ही पायांतली ताकद जातेय, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे एकेका तासाने फरक पडतो. आणि डावं पाऊल लुळं पडायला लागलं, म्हणजे चालताना चप्पल निसटते, पावलाचा पुढचा भाग जमिनीवर घासतो, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा, ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. ताकद जाणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखणं कमी झालं आणि ताकदही गेली तर ते बरं होणं नाही, नस आणखी बिघडत चालल्याचं लक्षण असू शकतं, आणि इथेच लोक फसतात कारण दुखत नाही म्हटल्यावर आनंदच होतो.

दुसरं, शुगरची गोळी बंद करू नका. कारण खाली सांगते पण निर्णय आत्ताच घ्या.

आता ताओबद्दल. आपल्याकडे बऱ्याच जणांना ताओ माहीत झाला तो पुण्यातल्या ओशोंच्या प्रवचनांमधून, मन मोकळं करण्याच्या अंगाने. ते त्या जागी ठीकच आहे, पण त्यातून "सोडून द्या, वाहू द्या" एवढंच डोक्यात राहतं आणि मग कोणीतरी तेच वाक्य उचलून गादी, शुगर, थायरॉइड सगळ्याला लावतं. चीनमध्ये ज्यांनी हा विचार जगून दाखवला त्यांनी शरीराचं काय केलं ते बघितलं तर चित्र वेगळं दिसतं.

१९७३ साली चीनमध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे एक कबर उघडली, इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली. त्यात ताओ विचाराचा मूळ ग्रंथ, लाओ त्सूच्या नावावर असलेला ताओ ते चिंग, याच्या रेशमावर लिहिलेल्या प्रती निघाल्या. त्याच कबरीत रेशमाच्या एका कापडावर व्यायाम करणाऱ्या ४४ माणसांची चित्रं आहेत, बायका पुरुष दोन्ही, कोणी हात वर ताणलेत, कोणी वाकलंय, आणि काही चित्रांशेजारी तो व्यायाम कुठल्या दुखण्यासाठी तेही लिहिलंय, एक तर गुडघेदुखीसाठीच आहे. आणि तिसरी गोष्ट, त्याच कबरीत औषधांच्या पाककृतींचा एक ग्रंथ मिळाला, ५२ दुखण्यांवरच्या उपायांचा. म्हणजे तत्त्वज्ञान, व्यायाम आणि औषध, तिन्ही एकाच माणसाबरोबर पुरलेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरात कोणाला असं वाटलं नव्हतं की लाओ त्सू वाचला म्हणून औषधाचं पुस्तक फेकून द्यावं. वर्कशॉपमधलं ते वाक्य ऐकलं की मला ही कबर आठवते.

पुढेही तसंच. चौथ्या शतकातला गे हाँग हा ताओ परंपरेतला मोठा माणूस, अमर होण्याच्या साधनेवर लिहिणारा. त्यानेच गरीब माणसाला घरच्या घरी वापरता येतील अशा तातडीच्या औषधांचं पुस्तक लिहिलं. त्यात थंडी वाजून येणाऱ्या तापावर एक उपाय आहे, छिंगहाव नावाची वनस्पती मूठभर घ्या, पाण्यात भिजवा, पिळून रस प्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी मलेरियावर औषध शोधताना हा उपाय वाचला, यात उकळायला सांगितलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, कमी तापमानाला अर्क काढून बघितला आणि त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. आज गडचिरोलीतल्या सरकारी दवाखान्यात फॅल्सिपॅरम या जीवघेण्या प्रकारच्या मलेरियाच्या पेशंटला ज्या गोळ्या देतात त्यात त्याच वनस्पतीतून आलेलं औषध असतं. असा ताप शरीरावर सोडून दिला तर माणूस जाऊ शकतो, म्हणून त्या ताओवाद्याने सोळाशेहून जास्त वर्षांपूर्वी त्यावर औषध लिहून ठेवलं. सातव्या शतकातला सुन स-मियाव हाही ताओ परंपरेतलाच वैद्य, त्याचं म्हणणं आधी आहार सुधारून बघा, त्याने भागलं नाही तर औषध द्या. आणि त्यासाठी त्याने हजारो औषधयोग गोळा करून ठेवले.

मग "ढवळाढवळ करू नका" हे कुठून आलं? ते आहेच, खोटं नाहीये. ताओ ते चिंगच्या ८१ प्रकरणांत ही गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने येते. पण ६४ व्या प्रकरणात असं आहे की शहाणा माणूस प्रत्येक गोष्टीला तिच्या स्वभावाप्रमाणे वाढायला मदत करतो आणि स्वतःची मर्जी तिच्यावर लादत नाही. मदत करतो, हे तिथे स्पष्ट आहे. आणि ७१ वं प्रकरण तर मी माझ्या पेशंटना नेहमी सांगते. त्याचा आशय असा की जो आजाराला आजार म्हणून ओळखतो तो आजारात अडकत नाही. दुखणं अंगावर काढणं हे याच्या बरोबर उलट आहे. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आधीच खूप आहे, विशेषतः घरातल्या बायकांना, आणि त्याला ताओचं नाव मिळालं तर ती सवय आणखी पक्की होते, म्हणून मी यावर इतकं पोटतिडकीने लिहितेय.

आता तुमच्या गादीकडे येऊ, कारण इथे शरीराचं काम खरोखर बघण्यासारखं आहे.

मणक्यांच्या मधल्या गादीचा आतला भाग मऊ, जेलीसारखा असतो आणि बाहेर चिवट कडं. मोठ्या माणसात या आतल्या भागाला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशींची आणि त्याची कधी भेटच झालेली नसते. कडं फाटून तो मऊ भाग बाहेर आला की त्या पेशींना तो परका वाटतो. तिथे सूज येते, बारीक रक्तवाहिन्या नव्याने तिथपर्यंत वाढतात, त्यातून मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात आणि तो तुकडा हळूहळू खाऊन कमी करतात. हे काम काही आठवडे ते काही महिने चालतं. आणि गंमत म्हणजे नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा, पूर्ण बाहेर आलेला किंवा तुटून सुटा झालेला तुकडा आटण्याची शक्यता जास्त असते, कारण तो रक्ताच्या संपर्कात येतो. म्हणजे एमआरआयच्या फिल्मवर जे बघून पेशंटच्या पोटात गोळा येतो तेच पुष्कळदा जास्त चांगलं विरघळतं. म्हणून तुमचे सर्जन थांबू म्हणाले ते टाळाटाळ नाहीये, ते शरीराला वेळ देतायत. वर्कशॉपमधल्या सरांपेक्षा मला तुमचे सर्जन जास्त ताओवादी वाटतात, अगदी मनापासून सांगते.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. तुम्हाला जी सूज त्रास देतेय ती नसेला चिडवतेही आणि तुकडा साफ करायचं कामही तिच्यातूनच होतं. म्हणजे दुखणं म्हणजे सगळं बिघडतंय असं नाही. पण याचा अर्थ पेनकिलर घेतली की बरं होणं थांबतं असाही नाही. तुम्ही लिहिलंय की गोळी बंद केल्यापासून रात्री दोन दोन वाजेपर्यंत जाग, दिवसा बिछान्यावर, चालणं जवळजवळ बंद. याने शरीराला मदत होतेय का? झोप नाही, हालचाल नाही, माणूस कळ येईल म्हणून सतत आवळून धरलेला, पाठीचे स्नायू दगडासारखे. शरीराच्या कामात यापेक्षा मोठी ढवळाढवळ कुठली? गोळीने दुखणं इतपत कमी झालं की तुम्ही चालाल आणि झोपाल, तर ती गोळी शरीराच्या बाजूनेच आहे. फक्त तुम्हाला शुगर आहे म्हणून कुठली पेनकिलर, किती दिवस, हे डॉक्टरांना किडनीचा रिपोर्ट दाखवून ठरवा, मेडिकलमधून स्वतःहून आणू नका.

दुसऱ्या टोकाचे पेशंट मला याहून जास्त दिसतात. एकाच आठवड्यात हाडवैद्याकडे कंबर मोडून घेतली, संध्याकाळी तेलाची मालिश, मधे ट्रॅक्शन, बेल्ट दिवसरात्र, यूट्यूबवरचे पंधरा व्यायाम, आणि शेजारच्या काकांनी सांगितलेली पुडी. लाओ त्सू ६० व्या प्रकरणात म्हणतो मोठं राज्य चालवणं म्हणजे छोटे मासे शिजवण्यासारखं. कोकणातल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको, मांदेलीच्या कालवणात चमचा फिरवत बसलं की काटे आणि लगदा उरतो, तिथे भांडं नुसतं हलवायचं असतं. पण चमचा घातला नाही म्हणून आचेकडे लक्ष नाही असं होत नाही ना. चिडलेल्या नसेचं तसंच आहे, एका वेळी एक गोष्ट, थोडी, आणि मग शरीर काय म्हणतं ते बघायला दोन-तीन दिवस. सतरा उपाय एकदम केले तर कशाने बरं वाटलं आणि कशाने वाढलं हे ना तुम्हाला कळतं ना मला.

शरीर काय म्हणतं ते कसं ओळखायचं, हा माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दोन खुणा सांगते, त्या तुम्ही आजपासून वापरू शकता. पहिली, दुखणं कुठपर्यंत जातंय. एखादी हालचाल केल्यावर कळ अंगठ्यापासून वर सरकून पोटरीत, मांडीत, शेवटी कमरेत आली तर ते बहुतेक वेळा चांगलं लक्षण, मग कमरेत जरा जास्त दुखलं तरी घाबरायचं नाही. उलट कंबर हलकी वाटली पण पायात कळ आणखी खाली उतरली, मुंग्या वाढल्या, तर ती हालचाल आत्ता तुमच्यासाठी नाही. पेशंट बहुतेक वेळा उलटं समजतात, कंबर जास्त दुखली की व्यायाम सोडतात आणि पाय बधिर झाला तरी करत राहतात. दुसरी खूण, दुसऱ्या दिवशी सकाळची. आज केलेल्या गोष्टीमुळे उद्या सकाळी कालच्यापेक्षा जास्त जखडलेलं, जास्त दुखरं वाटलं तर डोस जास्त झाला, निम्मा करा. तसंच वाटलं किंवा बरं वाटलं तर चालू ठेवा.

ताई-चीच्या वर्गांत सत्तर टक्क्यांचा नियम सांगतात, जेवढं ताणता येतं, वाकता येतं, त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच जायचं. निरोगी माणसासाठी सत्तर. चिडलेल्या नसेला मी पन्नासही जास्त धरते सुरुवातीला.

चुआंग त्सू या दुसऱ्या जुन्या ताओ विचारवंताच्या लिखाणात एका आचाऱ्याची गोष्ट आहे, तो बैल कापतो आणि १९ वर्षांत त्याच्या सुरीला धार लावायची वेळ येत नाही कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून सुरी नेतो. लोकांना एवढंच आठवतं आणि वाटतं सगळं सहज होतं. पण तो आचारी पुढे सांगतो की गुंतागुंतीची जागा आली की मी सावध होतो, नजर तिथेच ठेवतो, वेग कमी करतो आणि सुरी अगदी किंचित हलवतो. हे ऐकून राजा म्हणतो, जीव कसा जपायचा ते मला आज कळलं. मला त्या गोष्टीतला हा वेग कमी करायचा भाग फार मोलाचा वाटतो.

माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक ताई यायच्या, तुमच्यासारखंच, कळ अंगठ्यापर्यंत. व्यायाम शिकवण्याआधी मी त्यांना फक्त स्टुलावरून उठायला सांगितलं. उठण्याआधी त्या दात आवळायच्या, श्वास रोखायच्या, दोन्ही हात मशीनच्या टेबलावर दाबायच्या आणि एका झटक्यात उठायच्या, आणि नेमकी त्या झटक्यालाच कळ. दिवसभरात असं किती वेळा होत असेल, कापड आणायला उठा, इस्त्रीला उठा, गिऱ्हाईक आलं उठा. आम्ही एवढंच बदललं, आधी स्टुलाच्या कडेला या, पावलं मागे घ्या, छाती पुढे पण कंबर गोल न करता, तोंडाने हळू श्वास सोडत सोडत उठा, आणि मधेच कळ येईल असं वाटलं तर तिथेच थांबा, खाली बसा, परत. सुरुवातीला त्यांना फार चिडचिड झाली कारण काम खोळंबायचं. पण दहा मिनिटांच्या व्यायामाने जे झालं नसतं ते दिवसभरातल्या या उठण्या-बसण्याने व्हायला लागलं, नस दर वेळी डिवचली जाणं बंद झालं. त्यांचं दुखणं पूर्ण जायला काही महिने लागले, मधे दोनदा उसळलंही, पण ऑपरेशन लागलं नाही. सगळ्यांना लागत नाहीच असं मात्र म्हणणार नाही.

तुमच्यासाठी आत्ता काय. चालणं, सपाट रस्त्यावर, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, कळ खाली उतरायला लागायच्या आधी परत फिरायचं. सलग बिछान्यावर पडून राहू नका, पूर्वी आठवडे आठवडे बेडरेस्ट द्यायचे, आता देत नाहीत कारण त्याने फायदा दिसला नाही. बँकेत अर्ध्या तासाने उठा, फोन आला तर उभं राहून बोला. पुढे वाकून वजन उचलणं पूर्ण बंद, सिलिंडर, पाण्याची बादली, लहान मूल, काहीच नाही.

ची-गाँग सोडायची गरज नाही, पण निवडून करा. वर्कशॉपमध्ये तुम्हाला आठ हालचालींची मालिका शिकवली असं लिहिलंय, ती बहुतेक बा-दुआन-जिन असणार. त्यात दोन्ही हातांनी पावलं धरायला पुढे वाकायची हालचाल आहे, ती सध्या नाही. पाय फाकवून खूप खाली बसून धड गोल फिरवायची आहे, तीही नाही. उभं राहून हात वर उचलायची पहिली करून बघा, वरच्या दोन खुणा लावून. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे नुसतं वजन सरकवणं, पावलं खांद्याइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, शरीराचं वजन हळूहळू उजव्या पायावर न्यायचं, तळव्याखाली टाच, चवडा, अंगठा कुठे दाब येतोय ते जाणवू द्यायचं, मग तितक्याच हळू डावीकडे. श्वास अडकला की समजायचं घाई झाली. दोन-तीन मिनिटं पुरे. ऑस्ट्रेलियात १६० जणांवर झालेल्या, २०११ साली आलेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या ताई-चीने जुनाट कंबरदुखी आणि तिचा त्रास कमी झाला होता, पण तो साध्या कंबरदुखीवर होता, पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यावर नव्हता, म्हणून याने तुमची गादी आत जाईल असं मी म्हणत नाही. याने तुम्ही न घाबरता हलायला लागाल, आणि तुकडा आटवायचं काम शरीर करेल.

आता थांबायचं किती, हे मात्र परिस्थितीवर आहे. ताकद टिकून आहे का, कळ आठवड्यागणिक वर सरकतेय का, नोकरी किती दिवस सांभाळून घेईल, रात्रीची झोप होते का, घरात मदतीला कोण आहे. नेदरलँड्समध्ये २८३ पेशंटवर एक अभ्यास झाला, २००७ साली छापून आला, सगळे साधारण तुमच्यासारखे, फक्त सहा ते बारा आठवडे पायात तीव्र कळ असलेले. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, अर्ध्यांना गोळ्या, व्यायाम आणि थांबणं, लागलं तरच नंतर ऑपरेशन. वर्षाने दोन्हीकडे साधारण ९५ टक्के लोक बरे होते. पण ज्यांचं लवकर ऑपरेशन झालं त्यांचं दुखणं लवकर गेलं, आणि थांबलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलंच. याचा अर्थ मी असा घेते की ताकद शाबूत असेल तर थांबण्यात तुमचं नुकसान नाही, आणि सहन होत नाही म्हणून ऑपरेशन केलंत तर तुम्ही शरीराचा किंवा ताओचा कुठलाही अपराध केलेला नाही. सर्जन फक्त दाबणारा तुकडा काढतात, जखम भरून आणायचं काम तेव्हाही शरीरच करतं.

शुगरचं गणित वेगळं आहे आणि वर्कशॉपमधला गोंधळ इथेच आहे. बाहेर आलेली गादी ही एक घटना आहे, घडून गेली, आता साफसफाई चालू आहे. टाइप टू डायबेटिसमध्ये जी यंत्रणा साखर ताब्यात ठेवते तीच थकलेली असते, त्यामुळे "शरीरावर सोडा" म्हटलं तर ज्याच्यावर सोडायचं तेच अडचणीत आहे. आणि साखर वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, नसांना इजा होते. म्हणजे तुमच्या चिडलेल्या नसेला आणि उद्या ऑपरेशन लागलंच तर त्या जखमेला भरून यायला ज्या गोष्टी लागतात त्यांच्यावरच घाव. तुमची गोळी शरीराला तिथे हात देतेय.

गोळी कधीच सुटणार नाही असं नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात, डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या लोकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कडक आहाराने वजन उतरवलं, तर वर्षाने त्यातले ४६ टक्के लोकांची साखर गोळीशिवाय डायबेटिसच्या मर्यादेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात तर हे प्रमाण ८६ टक्के होतं. तुम्हाला तीनच वर्षं झालीत, म्हणून कंबर जरा सावरली की डॉक्टरांशी हे जरूर बोला. पण तिथे शरीराला महिनोन् महिने मदत केली, साखर मोजत राहिले, गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या. रविवारी वर्कशॉप करून सोमवारी गोळी बंद, असं नव्हतं ते.

ताओ परंपरेतसुद्धा शरीरावर जबरदस्ती करणारे झाले हेही सांगायला हवं. अमर होण्यासाठी पारा आणि हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, घातलेली रसायनं घेऊन चीनच्या थांग राजघराण्यातले एकाहून जास्त सम्राट मेले. लाओ त्सूने ५५ व्या प्रकरणात जगणं ओढूनताणून वाढवायला जाण्याला अशुभ म्हटलंय, तरी हे झालं. म्हणून परंपरेत आहे एवढ्यावर काहीही गिळू नये, आणि परंपरेच्या नावाने काही सोडूही नये. वर्कशॉपच्या सरांना एक प्रश्न विचारा, गोळी बंद केल्यावर माझी साखर आणि माझ्या पायाची ताकद तुम्ही कधी आणि कशी तपासणार? आजाराला आजार म्हणून ओळखणारा शिक्षक असेल तर तो लगेच म्हणेल, ते मी तपासू शकत नाही, डॉक्टरांकडे जा. असं म्हणाले तर त्यांच्याकडे पुढेही जरूर शिका, ची-गाँग चांगलीच गोष्ट आहे.

आता आज संध्याकाळी एक करा. भिंतीचा आधार हाताशी ठेवून टाचांवर दहा पावलं चाला, चवडे वर उचलून. मग पायात काही न घालता खुर्चीवर बसून पायांचे दोन्ही अंगठे वर उचला आणि घरातल्या कुणाला तरी ते बोटाने खाली दाबायला सांगा, डावा उजव्याइतकाच टिकतो का बघा. तारीख घालून लिहून ठेवा, तीन-चार दिवसांनी परत करा. पुढच्या व्हिजिटला तो कागद सर्जनना दाखवा आणि विचारा की मागच्या तपासणीपेक्षा ताकद तेवढीच आहे का, अजून किती आठवडे थांबणं सुरक्षित आहे, आणि शुगर आणि किडनी बघून कुठली पेनकिलर चालेल. ताकद कमी झालीये असं ते म्हणाले तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि ते सांगतील ते, सांगतील तेव्हा करा.